पोराला तालीम लागते, पोरीला अख्खं घर

प्रति,
मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, स. न. वि. वि.

मी शिराळा तालुक्यातली शेतकरीण. माझी लेक १६ वर्षांची आहे, ५३ किलो गटात कुस्ती खेळते. तीन वर्षं झाली, आम्ही दोघी कोल्हापुरात एका खोलीत भाड्यानं राहतो. गावाकडे तिचे वडील, सासूबाई आणि तीन म्हशी. सकाळच्या एसटीनं दुधाची किटली येते, संध्याकाळच्या गाडीनं रिकामी परत जाते. आमचा संसार सध्या त्या किटलीवर चाललाय म्हणा ना.

तिला नाद लागला तो थोरल्या भावामुळे. त्याचा डबा घेऊन ती गावच्या तालमीत जायची आणि उंबऱ्याबाहेर थांबायची, कारण आखाड्यात पोरींनी पाय ठेवायचा नाही असा तिथला दंडक. घरी येऊन उशीवर पट काढायची, म्हणजे पाय धरून पाडायचा डाव करायची. सासरे जुने पैलवान. बरेच दिवस ते काही बोलले नाहीत. मग एक दिवस गोठ्यामागची जागा खणली, लाल माती आणून टाकली, तिच्यात ताक, तेल, हळद घातली आणि नातीला म्हणाले, "उतर." सासूबाईंनी मात्र डोक्याला हात लावला. कुस्तीत कान मोडला तर हिला करून कोण घेणार? आता त्याच रोज रात्री बदाम भिजत घालायला विसरू नको म्हणून फोन करतात. सासरे गेले, तिची एकही मोठी कुस्ती त्यांनी पाहिली नाही.

थोरल्याला आम्ही बाराव्या वर्षी तालमीत ठेवला. एक ट्रंक, एक वळकटी, वस्तादांच्या पाया पडलो आणि परत आलो. महिन्याला खुराकाचे पैसे पोचते केले की आमचं काम संपलं. पोरीला असं ठेवता येत नाही. बहुतेक तालमींत मुलींची राहायची सोय नाही, वेगळी न्हाणी नाही, शिकवायला बाई नाही. त्यामुळे आईनं उठून पोरीमागं जायचं आणि बापानं गावाकडं एकट्यानं भाकऱ्या थापायच्या. मुरगूड, आळंदी अशी मोजकी ठिकाणं आहेत जिथं मुली सराव करतात, आणि तिथल्या मुलींनी नाव काढलंय. पण मोजकीच. ज्या घरात आईला हलता येत नाही, तिथल्या पोरीची कुस्ती अंगणातच संपते. लोक सिनेमा बघून आम्हाला सांगतात, बाप कडक असला की पोरगी घडते. आमच्याकडे बाप मऊ आहे, कडक घरभाडं आहे.

घरच्यांच्या जिवावर कुस्ती चालते ही काही आजची गोष्ट नाही. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकीला जायचं होतं, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. त्यातून स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आलं. आम्ही ती गोष्ट अभिमानानं सांगतो. मला मात्र प्रत्येक वेळी वाटतं, घर कुणाचं तरी गहाणच पडलं की.

आणि कुस्तीगीर बाईनं सरकारकडे दाद मागण्याचीही ही पहिली वेळ नाही. १९५४ साली बडोद्यात बाबा पैलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत हरवणाऱ्या हमीदा बानूंनी आपल्या कुस्त्या रोखल्या जातात म्हणून मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे तक्रार केली होती. बाई आहे म्हणून नव्हे, आयोजकांविरुद्ध तक्रारी आहेत म्हणून, असं उत्तर त्यांना मिळालं. कारण सापडतंच.

पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ पासून आहे. महिलांची पहिली झाली मार्च २०२३ मध्ये, सांगलीत. आम्ही मायलेकी तिथं होतो. प्रतीक्षा बागडीनं गदा उचलली तेव्हा माझ्या पोरीनं माझा हात इतका दाबला की बांगडी फुटली. आजही यात्रेच्या मैदानात मुलींची कुस्ती लागते ती लोक अजून जागा धरत असतात तेव्हा. तीही जोड, म्हणजे तेवढ्याच वजनाची मुलगी, मिळाली तर. माझी पोरगी पाच किलो जड मुलीशी लढून आलेली आहे, नाहीतर गाडीभाडंही सुटलं नसतं.

पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाटचं वजन १०० ग्रॅम जास्त भरलं आणि फायनलआधीच तिला बाद केलं, त्या रात्री आम्ही जेवलो नाही. माझी पोरगी स्पर्धेआधी किराणा दुकानाच्या धान्याच्या काट्यावर उभी राहते. दुकानदार चांगला आहे, पैसे घेत नाही.

आता मागणं. आमच्या ओळखीतल्या एका क्रीडा संकुलात कुस्तीची मॅट आहे. ती हॉलच्या कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली असते, आणि हॉल उघडतो सकाळी नऊला. पोरींची मेहनत पाचला सुरू होते. नऊला त्या शाळेत असतात. तर अशा संकुलांत मॅट अंथरलेली राहू द्या, पहाटेची वेळ मुलींना द्या, एक महिला प्रशिक्षक नेमा आणि जिल्ह्यात एका ठिकाणी तरी मुलींचं वसतिगृह स्वयंपाकघरासकट बांधा. खुराक बाहेरून आणून परवडत नाही.

अजून एक. २०२३ मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर देशाच्या नावाजलेल्या पैलवान मुली लैंगिक छळाची तक्रार घेऊन रस्त्यावर बसल्या होत्या. त्यांचंच ऐकायला इतके दिवस लागले, मग शिराळ्याच्या पोरीनं कुणाला सांगायचं? प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर तक्रार समितीतल्या बाईंचं नाव आणि फोन नंबर लिहिलेला हवा. मोठ्या अक्षरात, आणि फोन लागणारा.

आपली,
एका पैलवान मुलीची आई

ता. क. : उत्तर पाठवायचं झाल्यास गावच्या पत्त्यावर पाठवावं. खोलीचा करार या मे महिन्यात संपतोय, पुढची खोली अजून ठरलेली नाही.