अजून तीन तास

प्रिय विवेक,

पत्र मिळालं. "त्या खेळण्यात बसून जीव कशाला धोक्यात घालतोस?" हा तुझा प्रश्न झोंबला, पण वजनापुरतं तुझं खरंच आहे. मी उडवायला शिकतोय ते आमचं हेलिकॉप्टर, रॉबिन्सन आर-२२, रिकामं असताना ४०० किलोच्या आतबाहेर भरतं. माणसं, इंधन धरून मर्यादा ६२२ किलो. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या सरांनी मला काट्यावर उभं केलं, मग स्वतः चढले आणि मग इंधन किती घ्यायचं ते ठरलं. सीटखालच्या कप्प्यात मी स्टीलची बाटली ठेवायला गेलो, तर ओरडलेच. यंत्र आदळलं तर ती सीट चेपून धक्का पोटात घेते. खाली टणक काही असलं की तोच धक्का मणक्याला.

हे यंत्र उभं करणारा फ्रँक रॉबिन्सन भारी माणूस. मोठमोठ्या हेलिकॉप्टर कंपन्यांत नोकऱ्या केल्या, पण लहान आणि स्वस्त हेलिकॉप्टरची त्याची कल्पना कोणी मनावर घेईना. १९७३ मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, नोकरी सोडून त्यानं कॅलिफोर्नियात स्वतःची कंपनी काढली. १९७५ मध्ये पहिलं उड्डाण, १९७९ मध्ये सरकारी प्रमाणपत्र. लहान विमानांत असतं तसलंच चार सिलिंडरचं इंजिन, आणि त्याची ताकद वरच्या पंख्याकडे जाते ती चक्क पट्ट्यांवरून! त्याला वाटलं होतं, लोक हे स्वतःच्या प्रवासाला घेतील. उचललं मात्र प्रशिक्षण शाळांनी. ऑस्ट्रेलियात तर यावर गुरं वळतात.

गोम आहे ती हलकेपणातच. पाती हलकी, म्हणून इंजिन बंद पडलं की त्यांचे फेरे बघता बघता उतरतात. फेरे घटल्याचा भोंगा वाजेपर्यंत डाव्या हातातला, पात्यांचा कोन ठरवणारा दांडा खाली गेलेला हवा. विचार करत बसलास की संपलं.

दुसरी गोष्ट याहून वाईट. उडताना उजव्या हातातली, यंत्र कलवायची काठी झटकन पुढे ढकलली की क्षणभर अंग हलकं होतं आणि यंत्र आपोआप उजवीकडे कलंडतं. हात म्हणतो, डावीकडे घे. तसं केलंस तर पंख्याचा मधला भाग, तो ज्यावर फिरतो त्या खांबावर आदळून खांबच तुटू शकतो. काठी आधी हळूच मागे घ्यायची, कलणं नंतर सावरायचं. हे हवेत करून दाखवायला मनाई आहे. म्हणून सरांनी बंद यंत्रात बसवून, "आता उजवीकडे कलंडलं!" असं अचानक म्हटलं. सगळं पाठ असूनही माझा हात डावीकडेच गेला, विवेक. सर काहीच बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

अशा अपघातांमुळेच इथे अमेरिकेत १९९५ पासून खास नियम आहे: याच यंत्रावर शिक्षकासोबत २० तास झाल्याशिवाय विद्यार्थ्याला एकट्यानं सोडायचं नाही. माझे १७ झालेत. आधी हा नियम जाचक वाटायचा, आता तीन तास कमीच वाटतात.

परवाना मिळाला की तुला शेजारी बसवीन. फक्त वजन खरं सांग. एका सीटला १०९ किलोपर्यंतच चालतं, आणि तुझे लग्नातले फोटो मी पाहिलेत.

तुझा,
अनिल