ताई, तुम्ही सांगलीला होतात म्हणून इथे लिहितेय

ताई, सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या फेब्रुवारीत मेलबर्नच्या तुलामरीन एअरपोर्टवर माझी अफगाण मैत्रीण, तिची आई आणि धाकटा भाऊ ट्रॉली ढकलत बाहेर आले, आणि मला मिठी मारून झाल्यावर तिनं पहिलं काय विचारलं माहितीये? "ताई कुठंय?" मराठीत! पुण्यात एमकॉमला आम्ही एकत्र होतो, मेसच्या काकूंकडून शिकलेलं मराठी तिनं काबूलमध्ये आणि नंतर दिल्लीत भोगलच्या एका खोलीत साडेतीन वर्षं काढूनही जपलंय. तुम्ही तेव्हा तुमच्या आईंच्या आजारपणात सांगलीला होतात. फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय, आता ऐकावंच लागेल.

२०२१ च्या जुलैत ती आईच्या हार्टच्या ट्रीटमेंटसाठी मेडिकल व्हिसावर दिल्लीला आली, परतीचं तिकीट काढलेलं होतं, आणि १५ ऑगस्टला काबूल तालिबानच्या ताब्यात गेलं. तिकडे ती एका संस्थेत बायकांना हिशेब शिकवायची, तिकडे परत जाणार कशी? भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे यूएनएचसीआरचं (संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं) कार्ड मिळालं तरी रीतसर नोकरी नाही, घरमालक कधीही खोली रिकामी करा म्हणणार. तिचा मोठा भाऊ इथे मेलबर्नमध्ये डँडेनाँगला, ऑस्ट्रेलियाचा सिटिझन. त्याच्याकडून एकानं "ऑस्ट्रेलियाचा व्हिसा नक्की करून देतो" म्हणून पैसे घेतले, फॉर्म अर्धवट भरला आणि काही महिन्यांनी नकाराचं पत्र आलं. तो माणूस नंतर फोनच उचलेना.

मग मंडळाच्या गणपतीत तुमची गाठ पडली. प्रसादाचं ताट हातात होतं आणि मी तिथंच रडले. तुम्ही रजिस्टर्ड मायग्रेशन एजंट, म्हणजे व्हिसाच्या अर्जांचं काम अधिकृतपणे करणाऱ्या, आहात हे मला माहीतही नव्हतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "अगं, या व्हिसाला अर्जाची फीच नसते, आणि मी पण घेणार नाही. रविवारी भावाला घेऊन घरी ये."

त्या रविवारी तुम्ही जेवढं नीट समजावलंत तेवढं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. निर्वासितांच्या व्हिसाचे प्रकार असतात: सबक्लास २०० बहुतेक यूएनएचसीआरनं नाव पाठवलेल्यांना मिळतो, २०४ हा धोक्यात असलेल्या एकट्या बायकांसाठी, आणि २०२ मध्ये इथलं कुणीतरी प्रपोजर, म्हणजे अर्जदाराचं नाव सुचवणारं, लागतं. भाऊ आहे म्हणजे आपला रस्ता २०२, तिनं फॉर्म ८४२ भरायचा आणि भावानं ६८१. मिळाला तर पहिल्या दिवसापासून पर्मनंट. पण ऑस्ट्रेलियाच्या निर्वासितांसाठीच्या पूर्ण ह्युमॅनिटेरियन प्रोग्रॅममध्ये २०२३-२४ पासून वर्षाला २०,००० जागा, आणि अर्ज त्याच्या कितीतरी पट, "अर्ज चोख असला तरी नाही येऊ शकतं, आत्ताच मनाची तयारी ठेवा" हे पण तुम्हीच सांगितलंत. भावाचा चेहरा पडला, पण परत जाताना गाडीत तो म्हणाला, पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं.

आणि तो तझकिरा! तिच्या आईंचं जुनं कागदी अफगाण ओळखपत्र, त्यावर जन्मतारीखच नाही, नुसतं "१३८१ साली वय ३५". भाऊ मोठ्यानं वाचत होता, तुम्ही चष्मा कपाळावर ढकलून कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं हिशेब करत होतात, अफगाण कॅलेंडरचं १३८१ म्हणजे आपलं २००२, म्हणजे जन्म १९६७ च्या आसपास, मग पासपोर्टवर १ जानेवारी १९६५ कसं? पहिल्या अर्जात हे कुणी बघितलंच नव्हतं. आडनावही नाही, फक्त बापाचं आणि आजोबाचं नाव. "आपण मधे वडलांचं नाव लावतो, तसंच की," म्हणालात, आणि दोन्ही गोष्टींचा खुलासा भावाच्या स्टॅट डेकमध्ये (कायदेशीर लेखी निवेदनात) साध्या शब्दांत लिहून घेतलात. चहा तीनदा गार झाला.

"परत का जाऊ शकत नाही" या प्रश्नाला तिनं चार ओळी लिहिल्या होत्या. तुम्ही सलग तीन रविवार व्हिडिओ कॉलवर बसलात, ती गप्प झाली की तुम्हीही गप्प बसायचात, घाई नाही. कुणीतरी तिला धमकीचं पत्र बनवून आणायचा सल्ला दिला होता, तेव्हा तुम्ही एवढ्या ठामपणे नाही म्हणालात की मी दचकले. जे झालं तेच, आणि झालं त्याच क्रमानं. त्या सात पानांत तुमचा एकही शब्द नाही हे मला माहितीये, आणि मला सगळ्यात जास्त आभार त्याचेच मानायचेत.

पुढचं, इंटरव्ह्यू, मेडिकल, छातीचा एक्स-रे, भारतातल्या एफआरआरओचं (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाचं) एक्झिट परमिट, सगळ्याच वेळी तुम्ही फोनवर होतात. २०२ वाल्यांना विमानाचं तिकीट स्वतःच काढावं लागतं, ते भावानं आणि आम्ही चौघांनी मिळून केलं.

आता ती सरकारी इंग्लिश क्लासला जाते, धाकटा शाळेत रुळतोय. आईंनी तुमच्यासाठी दिल्लीहून आणलेले वाळवलेले तुती डब्यात बंद करून ठेवलेत, कुणाला हात लावू देत नाहीत. परत आलात की शनिवार कळवा, आई बटाट्याची बोलानी (सारण भरलेली अफगाण पोळी) करणार आहेत, आणि तुम्हाला तिखट चालतं का हे मला चारदा विचारून झालंय.

तुमचीच,
गणपतीत ताट घेऊन रडलेली