दुसऱ्या दाबाला लागणारा ब्रेक

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुमच्याकडून परत आल्यापासून एकच गोष्ट मनात घोळते आहे आणि ती फोनवर धड सांगता येत नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे. बाबा, त्या दिवशी तुम्ही गाडी चालवत होता आणि मी शेजारी बसले होते. उखडलेला रस्ता संपून गुळगुळीत डांबर लागले, पुढे वळण दिसले, तेव्हा तुम्ही पेडलला एकदा हलकेच पाय लावला, उचलला आणि मग पुन्हा नीट दाबला. मी विचारले तर म्हणालात, "खराब रस्त्यानंतर पहिल्यांदा जरा खाली जातो, दुसऱ्यांदा बरोबर लागतो. आता सवय झाली आहे." ती सवय तुमच्या पायात इतकी मुरली आहे की तुमच्या लक्षातही येत नाही, आणि मला नेमकी त्याचीच काळजी वाटते. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. पाय उचलून पुन्हा दाबण्यात अर्धा सेकंद गेला, तरी आठ मीटर अंतर ब्रेकविना कापले जाते. कुणी अचानक आडवे आले, तर ब्रेक पहिल्याच दाबाला लागला पाहिजे.

ही तक्रार घेऊन तुम्ही दोनदा गॅरेजमध्ये गेलात. एकदा ब्रेक ऑइल बदलून पाइपांमधली हवा काढून दिली, दुसऱ्यांदा पुढचे पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला (डिस्कला) दाबून धरणाऱ्या पट्ट्या, नवे घातले, आणि तरीही फरक पडेना तेव्हा "नवे पॅड बसायला वेळ लागतो" असे सांगून गाडी परत दिली. त्या माणसाने काम नीट केले नाही असे मी म्हणणार नाही. मात्र त्याने गाडी गॅरेजसमोरच्या सपाट रस्त्यावर चालवून पाहिली, आणि सपाट रस्त्यावर तुमच्या गाडीचा ब्रेक चांगलाच लागतो. रोज गाड्या तपासण्याचेच काम करत असल्यामुळे मी हे जरा ठामपणे लिहिते: तुमच्या ब्रेकच्या तक्रारीचे मूळ मला ब्रेकमध्ये दिसत नाही, ते पुढचे चाक ज्यावर फिरते त्या बेअरिंगमध्ये दिसते. असे का, ते सविस्तर सांगते, कारण तुम्हाला स्वतःला पटले तरच तुम्ही ते गॅरेजवाल्याला पटवून देऊ शकाल.

डिस्क ब्रेकमध्ये पॅड आणि डिस्क यांच्यात फट जवळजवळ नसतेच. पेडलवरून पाय काढला की पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनभोवतीचे रबरी सील त्याला अगदी किंचित, मिलिमीटरच्या लहानशा अंशाइतके मागे घेते, आणि म्हणूनच पुढच्या वेळी पेडल थोडेसे दाबताच पॅड डिस्कला भिडतात. आता बेअरिंग झिजून त्यात प्ले, म्हणजे सैलपणा, आला आहे असे समजा. खड्ड्याखड्ड्यांतून जाताना चाक डुगडुगते, त्याच्याबरोबर डिस्क डुगडुगते, आणि ती पॅडला व पॅड पिस्टनला हळूहळू आत ढकलत जातात. त्यानंतर तुम्ही पहिल्यांदा पेडल दाबता तेव्हा जे ऑइल पुढे सरकते ते ही वाढलेली फट भरून काढण्यातच खर्ची पडते, म्हणून पेडल खाली जाते. दुसऱ्या दाबापर्यंत पॅड जागेवर आलेले असतात, म्हणून ब्रेक लागतो. पॅड कितीही नवे घातले आणि ऑइल कितीही ताजे भरले, तरी डिस्कचे डुगडुगणे त्याने थांबत नाही.

पेडल खाली जाण्याची इतर कारणेही आहेत, आणि ती वगळल्याशिवाय मी हे मत बनवलेले नाही. पाइपांत हवा असती तर पेडल कायमच स्पंजासारखे लागले असते, रस्ता कसाही असो. पेडल ज्यातून ऑइल पुढे ढकलते त्या मास्टर सिलिंडरची सीले गेली असती तर उभ्या गाडीत पेडलवर एकसारखा जोर देऊन ठेवला असता ते हळूहळू खाली बुडाले असते. तुमच्या दारात मी इंजिन चालू ठेवून मिनिटभर पेडल दाबून बसले होते, ते जागचे हलले नाही. मागच्या चाकांच्या ड्रम ब्रेकमध्ये आतून घासणारे लायनर झिजून ड्रमपासून दूर गेले, तर पेडल पहिल्या दाबाला खाली आणि दुसऱ्याला वर असे अगदी तुमच्यासारखेच लक्षण दिसते, आणि इथे भलेभले मेकॅनिक फसतात; फरक एवढाच की लायनरचा दोष सपाट रस्त्यावरही दर वेळी जाणवतो, तर तुमच्या गाडीत तो खराब रस्त्यानंतरच्या पहिल्याच दाबाला येतो आणि मग पुढचा खराब रस्ता लागेपर्यंत नाहीसा होतो. डिस्क स्वतः वाकडी फिरत असली तरी पॅड मागे ढकलले जातात, पण तशी गाडी वेगात ब्रेक दाबताच पेडलमध्ये किंवा स्टिअरिंगमध्ये थरथरते. तुमची थरथरत नाही.

शिवाय मला आवाजही ऐकू आला होता. रेडिओ बंद करायला मी सांगितले ते त्यासाठीच. गाडीने वेग घेतला की पुढून एक घुमल्यासारखा आवाज येतो, वेगाबरोबर तो चढतो, आणि रस्ता उजवीकडे वळला की तो अधिक मोठा होतो. उजव्या वळणावर गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो, म्हणून माझा संशय पुढच्या डाव्या बेअरिंगवर आहे. टायरचा आवाजही पुष्कळदा असाच घुमतो, पण रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की टायरचा आवाज बदलतो. हा काँक्रीटवर आणि डांबरावर सारखाच होता.

गॅरेजमध्ये पुढचे चाक उचलून घ्यायला सांगा आणि शेजारी उभे राहून पाहा. चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, धरून आतबाहेर हलवायचे. हलले, तर दोष बेअरिंगमध्ये किंवा बॉल जॉइंटमध्ये, म्हणजे चाकाला सस्पेन्शनशी जोडणाऱ्या सांध्यात, आहे, आणि दोहोंतला नेमका कोणता हे ओळखण्याची युक्ती अशी, की दुसऱ्या कुणीतरी आत बसून ब्रेक दाबून धरावा आणि चाक पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर हलणे थांबले तर बेअरिंग, आणि तरीही हलत राहिले तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शनचा दुसरा सांधा. चाक तीन आणि नऊच्या जागी धरून हलवले असताना प्ले जाणवला, तर स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा टाय रॉड पाहावा लागतो. त्यानंतर एका हाताची बोटे शॉकॲब्सॉर्बरच्या स्प्रिंगवर टेकवून दुसऱ्या हाताने चाक जोरात फिरवायचे. बेअरिंग चांगले असेल तर स्प्रिंग शांत असते. झिजलेले असेल तर स्प्रिंगच्या वेढ्यातून बोटांना वाळू दळल्यासारखी खरखर लागते, अगदी कानाला काहीही ऐकू येत नसले तरी. बाबा, तुमच्या बोटांना ती लगेच कळेल. मात्र स्वतः घरी जॅक लावून यातले काहीही करू नका. जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली किंवा तिच्या चाकाशी कुणीही झटापट करू नये. खाली स्टँड लावलेले असले पाहिजेत आणि ते काम गॅरेजमध्येच व्हावे.

आई, तू म्हणालीस ती खडखड मात्र वेगळी आहे, आणि ती शोधण्यात तुझ्या कानांचा उपयोग होणार आहे. आधी डिकी पूर्ण रिकामी कर, स्टेपनी आणि जॅक घट्ट बसवले आहेत ना ते बाबांना पाहायला सांग, दारांच्या खणांतल्या बाटल्या काढ, कारण यांच्या खडखडीवर लोकांनी शॉकॲब्सॉर्बर बदललेले मी पाहिले आहेत. बेअरिंग बदलून गाडी पुन्हा चालू लागल्यावरही आवाज राहिला तर तो केव्हा येतो ते एका वहीत लिहून ठेव. हळू चालताना बारीकसारीक खाचखळग्यांवर टकटक होते, की मोठ्या खड्ड्यात धप्प असा एकच आवाज येतो, की ब्रेक दाबताना आणि पुन्हा रिव्हर्स घेताना एकेकदा खट् होते, की गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवले की येतो, हे चारही वेगवेगळे आजार आहेत. बारीक टकटक बहुधा सस्पेन्शनमधल्या लिंक रॉड नावाच्या छोट्या दांडीची असते, आणि एका बाजूचे चाक आधी आणि दुसऱ्या बाजूचे नंतर खाली जाते अशा रस्त्यावर ती सर्वांत स्पष्ट ऐकू येते. ब्रेक आणि रिव्हर्सचा खट् चाकाला धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मच्या फाटलेल्या रबरी बुशचा असू शकतो. तो बुश गेला की ब्रेक दाबताना चाक जागचे सरकते आणि गाडी एका बाजूला खेचली जाते, आणि हीदेखील लोक ब्रेकचीच तक्रार समजतात. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग कडाडली तर स्प्रिंगचे वरचे माउंटिंग पाहायचे.

बेअरिंगचे काम झाल्यावर करायची आणखी एक सोपी कसोटी आहे. रिकाम्या, उखडलेल्या रस्त्यावर गाडी अगदी हळू चालत असताना बाबांनी ब्रेकवर नुसता पाय टेकवावा, गाडी थांबवू नये. तेवढ्याने खडखड बंद झाली तर ती पॅडची आहे. पॅड बदलताना त्यांच्या स्प्रिंगपट्ट्या बसवायच्या राहिल्या किंवा जुन्याच वाकड्या बसवल्या, तर पॅड आपल्या जागेत सैल राहून वाजतात, आणि तुमच्या गाडीचे पॅड नुकतेच बदललेले आहेत हे लक्षात ठेवायला हवे.

त्या दिवशी खडीवर ब्रेक दाबला तेव्हा पेडल पायाखाली फडफडले आणि गाडी अपेक्षेपेक्षा पुढे गेली, याने आई तू घाबरलीस. ती फडफड एबीएसची, म्हणजे ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, होती, आणि खडीवर तशी होणे स्वाभाविक आहे. ज्या चाकाची जमिनीवरची पकड सुटते ते ब्रेक दाबताच जाम होऊ लागते, आणि एबीएस त्याचा दाब सोडून पुन्हा देते. पण शॉकॲब्सॉर्बर थकलेले असतील तर चाक खड्ड्यातून उसळल्यावर जमिनीला लवकर टेकत नाही, ते हवेत असताना ब्रेकचा काहीच उपयोग होत नाही, आणि थांबायला लागणारे अंतर वाढत जाते. म्हणून शॉकॲब्सॉर्बर नुसते बसणाऱ्याच्या कंबरेसाठी असतात असे मानू नये. बोनेट दाबून सोडायचे आणि गाडी किती वेळा हेलकावते ते मोजायचे, ही जुनी परीक्षा आजच्या गाड्यांत फारशी विश्वासाची राहिलेली नाही. त्यापेक्षा टायरच्या पृष्ठभागावरून तळहात फिरवा: ठरावीक अंतरावर उंचसखल वाटी झाल्यासारखे लागले, किंवा शॉकॲब्सॉर्बरच्या अंगावर ऑइलचा ओला ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली, तर ते बदलण्याची वेळ झाली. बदलायचे झाले तर पुढचे दोन्ही किंवा मागचे दोन्ही जोडीनेच बदलावेत, आणि त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. याउलट, सपाट कोरड्या रस्त्यावर गाडी थांबता थांबता शेवटच्या क्षणी तशीच फडफड झाली तर ते मला ताबडतोब कळवा, कारण चाकाचा वेग मोजणारा सेन्सर अनेक गाड्यांत बेअरिंगलाच लागून असतो आणि बेअरिंग बिघडले की तोही चुकीचे सांगू लागतो.

बेअरिंग बदलल्यावर फेरफटका मारून आलात की प्रत्येक चाकाजवळ, डिस्कला स्पर्श न करता, हात नेऊन पाहा. पुढच्या दोन चाकांपैकी एकच फार तापले असेल तर तिथला पॅड दाबणारा कॅलिपर अडकत असावा. ब्रेक ऑइलची पातळी खाली गेलेली दिसली तर नुसते वरून ओतू नका, ते कुठे गेले ते आधी शोधा. नवे ऑइल आता भरलेच आहे, तेव्हा दोन वर्षे त्याची चिंता नाही.

गाडी गॅरेजमध्ये जाईपर्यंत ती चालवू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. शक्य असेल तर त्यांच्याच माणसाला न्यायला बोलवा. तिथे "ब्रेक लागत नाही" एवढेच सांगू नका, नाहीतर ते पुन्हा ब्रेकच उघडतील. "खराब रस्त्यानंतर पहिला दाब खाली जातो, दुसरा बरोबर लागतो, सपाट रस्त्यावर काही होत नाही, आणि उजव्या वळणावर पुढून घुमल्यासारखा आवाज वाढतो," हे वाक्य आईने कागदावर लिहून द्यावे, आणि मेकॅनिकने तुम्हाला शेजारी बसवून तुमच्याच खराब रस्त्यावरून एक फेरी मारावी असा आग्रह धरावा. बेअरिंग बदलल्यावर पुन्हा त्याच रस्त्याने या आणि डांबर लागताच बाबांनी पेडल एकदाच दाबावे. काम झाल्यावर ५० ते १०० किलोमीटर चालली की चाकांचे नट पुन्हा एकदा तपासून घट्ट करून घ्यायचे आहेत, तेही विसरू नका.

चाक वर उचलले की मला फोन लावा. त्या वेळी मी हातातले काम बाजूला ठेवीन, आणि बाबा स्प्रिंगवर बोटे टेकवतील तेव्हा त्यांना काय लागले ते मला त्यांच्याच तोंडून ऐकायचे आहे.

तुमची लेक