गणपतीला गावी येणाऱ्या तान्ह्या बाळांच्या बाटल्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गणपती जवळ आले की मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांबरोबर चार-सहा महिन्यांची बाळेही गावी येतात. शहरातल्या घरी बाटल्या निर्जंतुक करायला विजेचे यंत्र असते. गावी विहिरीचे गढूळ पाणी, भरवसा नसलेली वीज आणि पंधरा-वीस माणसांचे स्वयंपाकघर. यंत्र सोबत न्यावे की बाटल्या निर्जंतुक करायच्या क्लोरिनच्या गोळ्या, असा प्रश्न प्रवासाआधी हमखास विचारला जातो. आमचे उत्तर असे की यंत्र शहरातच राहू द्या आणि बाटली घासायचे दोन ब्रश आठवणीने आणा. बाकी सगळे कोकणातल्या घरात आहेच.

उकळल्याने जंतू मरतात, पण दुधाचा थर जात नाही. दुधातला स्निग्धांश आणि प्रथिने बाटलीच्या आट्यांत आणि निपलच्या कडेला चिकटून बसतात. त्या थराखाली जंतूंना आडोसा मिळतो, आणि थर तसाच ठेवून उकळले तर तो आणखी घट्ट बसतो. म्हणून बाळाचे पिऊन झाले की बाटली लगेच सुटी करावी: बाटली, रिंग, निपल, चकती, टोपण. बाळाच्या पोटात हवा जाऊ नये म्हणून काही बाटल्यांना झडप असते. तिचे तुकडेही वेगळे करायचे, कारण नेमके तेच विसरले जातात. आधी थंड पाण्याने विसळावे. पहिल्यांदाच कढत पाणी ओतले तर प्रथिने साकळून आतल्या बाजूला धरतात. मग कोमट पाणी, भांड्यांच्या पातळ साबणाचे दोन-तीन थेंब आणि ब्रश. निपल उलटे करून आतून घासावे आणि साबणाचे पाणी छिद्रातून दाबून बाहेर काढावे. शेवटी साबणाचा बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत विसळावे.

हे काम मोरीत किंवा सिंकमध्ये करू नये. जिथे एरवी मासळी धुतली जाते, भाज्यांची माती पडते, तिथले सगळे बाटलीला लागते. बाळाच्या बाटल्यांसाठी एक टोप वेगळा ठेवावा आणि त्याला दुसरे काही लागू देऊ नये. नारळाचा काथ्या, राख, तारेची घासणी प्लास्टिकला लावू नये. त्याने बारीक ओरखडे पडतात आणि दूध त्यातच अडते. भरल्या घरात मदतीला आलेली मावशी किंवा आत्या प्रेमाने सगळी भांडी एकदम घासायला घेते आणि बाटलीही त्यात जाते. तिला आधीच सांगून ठेवलेले बरे.

निर्जंतुक करण्यासाठी आमच्या मते गॅसवर उकळणे हाच इथला सर्वांत भरवशाचा उपाय. टोपाच्या तळाला स्वच्छ सुती फडक्याची घडी घालावी, कारण प्लास्टिक तापल्या तळाला टेकले की वाकते. सगळे भाग बुडून वर दोन बोटे पाणी हवे. बाटली तिरकी बुडवून आतली हवा काढावी, नाहीतर तेवढ्या भागाला उकळते पाणी लागतच नाही. निपल तरंगतात, त्यांच्यावर स्टीलची चाळणी उपडी घालावी. झाकण ठेवावे आणि पाणी खळखळून उकळू लागले की तिथून १० मिनिटे मोजावी, गॅस पेटवल्यापासून नव्हे. अमेरिकेतील सीडीसी ही सरकारी संस्था ५ मिनिटे सांगते, ब्रिटनची सार्वजनिक आरोग्यसेवा १०. आपल्या पावसाळी पाण्याला १० च धरावीत. काचेची बाटली थंड पाण्यात ठेवून मगच गॅस पेटवावा, उकळत्या पाण्यात टाकली तर तडकते. कुकरला शिट्टी लावून हे काम उरकू नये. आत तापमान १२० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि नेहमीच्या प्लास्टिकची बाटली वाकडी होऊ शकते. मग रिंग नीट बसत नाही आणि दूध गळते.

आता मोदकपात्र. वाफेने बाटल्या निर्जंतुक करण्याचे यंत्र जे करते तेच काम ते उत्तम करते. आधी पात्र आणि जाळी गरम पाणी व साबणाने घासून तुपाचा आणि उकडीचा ओशटपणा घालवावा. खाली दोन-तीन बोटे पाणी, जाळीवर बाटल्या तोंड खाली करून, शेजारी निपल आणि रिंगा सुट्या, एकमेकांवर न रचता. झाकणाच्या कडेने जोरात वाफ येऊ लागली की तिथून १५ मिनिटे. खालचे पाणी आटू देऊ नये. उंच बाटल्यांवर झाकण बसत नसेल तर अट्टहास नको, वाफ निसटत राहिली तर उपयोग नाही. त्या टोपात उकळाव्यात. मोदकांच्या दिवशी पात्र रिकामे मिळणार नाही, तेव्हाही टोपच.

पाण्याविषयी थोडे. गढूळ पाणी दुपदरी कापडातून गाळून, तुरटी फिरवून निवळू द्यावे आणि वरचे नितळ पाणी वापरावे, नाहीतर बाटलीत गाळाचा पातळ पापुद्रा राहतो. मे महिन्यात खाडीकाठच्या विहिरी मचूळ होतात. ते पाणी उकळून बाटली धुण्यास चालेल, पण दूध कालवायला नको. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली आहे, म्हणून बाटली नुसती विसळून चालेल हा समज चुकीचा आहे. तीच पावडर बादलीत कालवून बाटल्या भिजवणे तर मुळीच नको. दमट हवेत तिच्यातला क्लोरिन कमी होत जातो आणि उरलेल्याची मात्रा कळत नाही.

बाटल्यांसाठीच्या क्लोरिनच्या गोळ्या वेगळ्या. त्या प्रवासात सोयीच्या आहेत. वेष्टनावर लिहिलेल्या मात्रेत, थंड आणि नितळ पाण्यात, किमान ३० मिनिटे सगळे भाग पूर्ण बुडवून ठेवावे. द्रावण २४ तासांनी फेकून नवे करावे. पाणी गढूळ असेल तर क्लोरिन गाळावरच खर्ची पडतो. स्टीलची वाटी किंवा चमचा त्यात घालू नये, धातूला बारीक खड्डे पडतात.

विजेचे यंत्र आणलेच असेल, तर मध्येच वीज गेल्यास पहिल्यापासून पुन्हा चालवावे. खालच्या तव्यावर क्षारांचा थर साचला की पांढरे व्हिनेगर आणि पाणी सारखे घालून अर्धा तास ठेवावे, मग धुऊन एकदा नुसत्या पाण्यावर चालवावे. अतिनील दिव्याच्या पेट्या आम्ही सुचवत नाही. जिथे सावली पडते तिथे त्या किरणांचा उपयोग होत नाही, आणि बाटलीच्या आट्यांत सावलीच असते.

खरी अडचण पुढे आहे. कोकणातल्या पावसात बाटली वाळत नाही. ओली बाटली झाकण लावून कपाटात ठेवली की दोन दिवसांत टोपणाच्या कडेला काळे ठिपके दिसू लागतात. ती बुरशी. घाईत बाटली पदराने किंवा पंचाने पुसली की उकळण्याची सगळी मेहनत वाया गेली. त्यापेक्षा टोपातले पाणी ओतून टाकावे आणि बाटल्या झाकणाखाली तशाच राहू द्याव्या. हात साबणाने धुऊन, त्याच पाण्यात उकळलेल्या चिमट्याने लागेल तेवढी बाटली काढावी, पाणी झटकावे आणि निपल लगेच चढवावे. आत राहिलेले उकळलेल्या पाण्याचे चार थेंब बाधत नाहीत. दिवस उलटला आणि बाटली वापरली नाही, तर पुन्हा उकळावी.

हे बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत करावे. दोन महिन्यांनंतर रोज निर्जंतुक करायची गरज नाही, असे इंटरनेटवर वाचायला मिळते. तो सल्ला शुद्ध केलेले नळाचे पाणी घरोघर येते अशा देशातला आहे. दिवस भरण्याआधी किंवा कमी वजनाचे जन्मलेले बाळ असेल तर एकही वेळ चुकवू नये.

बाटली निर्जंतुक असली तरी डब्यातली पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात क्रोनोबॅक्टर किंवा साल्मोनेला हे जंतू असू शकतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटना ७० अंशांपेक्षा कमी नसलेल्या पाण्यात पावडर कालवायला सांगते. घरी थर्मामीटर नसतो. एक लिटर पाणी उकळून झाकून ठेवावे आणि अर्ध्या तासाच्या आत वापरावे. आधी पाणी मोजावे, मग डब्यावर लिहिले असतील तितकेच चमचे, सपाट करून. चमचा कमी घातला तर बाळ उपाशी राहते, जास्त घातला तर पोटाला आणि मूत्रपिंडांना त्रास होतो. शक्य तर उकळलेल्या स्टीलच्या भांड्यात दूध कालवून निवल्यावर बाटलीत ओतावे, कारण कढत पाण्याने प्लास्टिकचे सूक्ष्म कण सुटतात. मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून पाहावा. बाळाने उष्टे ठेवलेले दूध पुन्हा देऊ नये. न उष्टावलेलेही दोन तासांच्या आत संपवावे.

गावी येताना कालवलेले दूध थर्मासमध्ये भरून आणणे ही सर्वांत मोठी चूक. कोमट दुधात जंतू झपाट्याने वाढतात आणि एसटीचा किंवा रेल्वेचा प्रवास कित्येक तासांचा असतो. थर्मासमध्ये कढत पाणी, लहान कोरड्या डब्यांत एकेका वेळची पावडर, आणि जितक्या वेळा पाजायचे तितक्या निर्जंतुक केलेल्या बाटल्या घ्याव्या. थर्मासमधले पाणी भाजण्याइतके गरम राहिले नसेल तर ते पावडरीसाठी वापरू नये. महामार्गावरच्या हॉटेलात बाटली विसळून पुन्हा भरू नये.

बाटली घ्यायचीच तर रुंद तोंडाची, कमीत कमी सुट्या भागांची आणि आयएसआय खुणेची. निपल चिकट झाले, फुगले, चिरले किंवा छिद्र मोठे होऊन धार लागू लागली की लगेच बदलावे. निपलला मध लावून बाळाला शांत करण्याची रीत काही घरांत अजून आहे. एक वर्षाच्या आत मध नकोच, त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, हे आम्ही आग्रहाने सांगतो. वाटीला अरुंद गळा नाही, आटे नाहीत, निपल नाही. घासणे सोपे आणि १० मिनिटे उकळले की काम झाले. आजीच्या फडताळात जुने बोंडले (बाळाला पाजायचे चोचीचे छोटे भांडे) असेल तर तेही चालेल, फक्त चोच बारीक ब्रशने आतून घासता यायला हवी. बाळाला अर्धवट बसते करून वाटीची कड खालच्या ओठाला टेकवावी आणि ते स्वतः घोट घेईल तसे पाजावे, ओतू नये. दूध पाजण्याच्या बाटल्या आणि आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकली जाणारी पावडर यांच्या जाहिरातीला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला, तो याच धोक्यांमुळे.

सहा महिन्यांपर्यंत आईचे दूध पुरेसे असते, पाणीही लागत नाही. पण गणपतीत आई पहाटेपासून उकड, नैवेद्य, पाहुणे यांत अडकते आणि बाळ रडले की कुणीतरी बाटली पुढे करते. घरातल्या मोठ्यांनी माजघरात एक कोपरा पडदा लावून मोकळा ठेवावा, बसायला पाट आणि पाठीला उशी द्यावी, आणि दर दोन-तीन तासांनी तिच्या हातातले काम दुसऱ्या कुणी घ्यावे. हे पत्र चाकरमानी निघण्याआधी छापावे ही विनंती.

– नवजात बालकांच्या कक्षात काम करणाऱ्या परिचारिका, रत्नागिरी जिल्हा