सोडतीत नंबर, पडताळणीत बाद

संपादक महोदय,

शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) खासगी शाळांत राखून ठेवलेल्या २५ टक्के जागांची चर्चा दरवर्षी सोडतीभोवतीच फिरते. वडार, कैकाडी, डवरी गोसावी, मसणजोगी अशा विमुक्त-भटक्या घरांतल्या मुलांचे घोडे मात्र सोडतीनंतर अडते. नंबर लागतो, पण कागदपत्रे तपासणाऱ्या पडताळणी समितीसमोर जातीचा दाखला नसल्याने हातातोंडाशी आलेला प्रवेश जातो. या जाती ज्यात मोडतात त्या वंचित गटाला उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे सारी भिस्त या एका कागदावर.

हा कागद मिळत का नाही? दाखल्यासाठी या समाजांकडे २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागतात. अख्ख्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा देशभरातून गेला १९५२ साली. म्हणजे त्याखाली भरडलेल्या जमातींना कुठेतरी स्थिरावून कागद जमवायला जेमतेम नऊ वर्षे मिळाली. पालं टाकत फिरणाऱ्या माणसाचे नाव गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीत (कोतवाल बुक, गाव नमुना १४) सापडणार कसे? चुलत आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला हाती लागलाच, तर जातीच्या रकान्यात कुठे नुसते ‘हिंदू’, कुठे धंद्यावरून ‘पाथरवट’. जात सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने अर्जदारावरच टाकली आहे. दाखला देणारे प्रांत कार्यालय त्रुटी काढते, अर्ज परत येतो, आणि तोवर प्रवेशाची मुदत संपलेली असते.

२०२४ साली सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून १ किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना या २५ टक्के जागांतून सूट देणारा नियम आला. उच्च न्यायालयाने तो १९ जुलैला रद्द केला, पण शाळा सुरू होऊन तेव्हा महिना उलटला होता. जागा वाचल्या; दाखल्याचे दुखणे होते तिथेच आहे.

शिक्षण हक्क कायद्यातच यावर वाट आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, असे कलम १४ सांगते. हीच सवलत जातीच्या दाखल्याला द्यावी. अर्ज केल्याची पावती पाहून तात्पुरता प्रवेश द्यावा आणि दाखला आणायला पुढचे सहा महिने द्यावेत. जिथे १९६१ पूर्वीचे काहीच सापडत नाही, तिथे तलाठ्याने गृहचौकशी करावी आणि तिच्या अहवालाला तारीख बांधून द्यावी. नाहीतर तो अहवालही टेबलावरच पडून राहील.

आणि शिबिरे वस्तीत घ्या, दिवाळीनंतर लगेच. वडारवाडीत एका मांडवात तलाठी, सेतूचा ऑपरेटर आणि जवळच्या महापालिका शाळेचे मुख्याध्यापक एकत्र बसले, तर पालकांचे चार खाडे वाचतील. वडिलांकडच्या एखाद्या रक्ताच्या नातेवाइकाचा दाखला निघालेला असेल, तर वंशावळीचे प्रतिज्ञापत्र तिथेच करून घ्यावे. निम्मी वाट तिथेच सरते.

पत्त्याचेही तिथेच पाहावे. अनेकांच्या आधारवर गावाकडचा पत्ता असतो आणि वस्तीतला घरमालक भाडेकरार नोंदवून देत नाही. आधारवरचा पत्ता आधीच बदलून घेतला, तर हा प्रश्न सुटतो. अर्जातला घराची जागा दाखवणारा नकाशावरचा बलून (खूण) सायबर कॅफेत बसून अंदाजाने टाकू नये; घराच्या दारात उभे राहून मोबाइलवर टाकावा. दोन गल्ल्या चुकल्या तरी शाळेचे अर्जातले आणि प्रत्यक्षातले अंतर जुळत नाही आणि पडताळणीत अर्ज बाद होऊ शकतो.

पुण्यात निदान भटक्या-विमुक्तांच्या मोठ्या वस्त्यांपुरती अशी शिबिरे याच वर्षी लावावीत, आणि त्यांच्या तारखा जिल्हाधिकारी कार्यालयाने व शिक्षण विभागाने मिळून ऑक्टोबरमध्येच जाहीर कराव्यात.

– वस्तीत आरटीईचे अर्ज भरून देणारे कार्यकर्ते, पुणे