गाडी गार असतानाच बघ

कराड

चि. अनघास,
अनेक आशीर्वाद.

तू घ्यायचं म्हणतेस त्या जुन्या, पांढऱ्या मारुती ब्रेझाचे तू पाठवलेले चौदा फोटो काल गॅरेज बंद केल्यावर एकेक मोठा करून बघितले. समोरून, मागून, डॅशबोर्ड, सीटची नवी कव्हरं, सगळं आलं. पण चौदात एकही फोटो गाडीच्या पोटाखालचा नाही, स्टेपनी उचलून काढलेला नाही, टायरवरच्या आकड्यांचा नाही. विकणारा असे फोटो काढत नाही आणि त्याला त्याबद्दल बोल लावण्यात अर्थ नाही. ते बघायचं काम घेणाऱ्याचं. मी स्वतः येणार होतो, पण आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठवडाच झालाय, दिवसातून चार वेळा थेंब घालायचे असतात, तिला सोडून निघवत नाही. फोनवर सांगायला लागलो की तुझी मीटिंग मध्ये येते. म्हणून कागदावर उतरवतोय. रविवारी जाताना हे बरोबर ने.

आधी एक प्रसंग सांगतो. तुला तो अर्धाच माहीत आहे.

2021 च्या जुलैत चिपळूणला पूर आला, वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा पुढे महिनाभर कुंभार्ली घाटानं टोचन करून गाड्या कराडला येत होत्या. आपल्या गॅरेजात अकरा आल्या. कार्पेट उचललं की खाली बोटभर गाळ, आणि तो वास. त्यातल्या काही गाड्या विमा कंपनीनं निकालात काढल्या. त्या भंगारातच गेल्या असतील असं मी धरून चाललो होतो.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी आपल्या मागच्या गल्लीतल्या सरांनी जुनी कॉम्पॅक्ट एसयूव्ही घ्यायचं ठरवलं. कोणत्या कंपनीची, कुणाकडून, हे इथं लिहीत नाही. मला म्हणाले, तुम्ही एकदा नजर टाका. मी गेलो संध्याकाळी सात वाजता, ट्यूबलाइटच्या उजेडात. इंजिन ऐकलं, एक चक्कर मारली, क्लच बघितला, सांगितलं, घ्या, गाडी चांगली आहे. कार्पेट उचललं नाही. घरी पाहुणे आले होते, मला घाई होती. आठ महिन्यांनी, पावसात, रात्री घाटात त्यांच्या गाडीचे हेडलाइट आणि वायपर एकदम बंद पडले. गाडीत बाई आणि दोन मुलं. दोन तास ते कठड्याला चिकटून उभे होते. दुसऱ्या दिवशी मी कार्पेट काढलं तर वायरिंगच्या जोडांवर हिरवा गंज चढलेला आणि सीटच्या रेलमध्ये वाळलेला गाळ. विकणाऱ्यानं हात झटकले. वायरिंग मी माझ्या पैशानं बदलून दिलं. सर मला एक शब्द बोलले नाहीत, पण तेव्हापासून कुणी गाडी दाखवली की मी आधी गुडघ्यावर बसतो.

म्हणून रविवारी पहिलं काम: सीटबेल्ट. चारही बेल्ट एकेक करून शेवटपर्यंत, रीळ अडेपर्यंत ओढ. रोजच्या वापरात येणारा पट्टा धुऊन काढतात, पण आतला शेवटचा वीतभर भाग कुणी बाहेर काढत नाही. पुराच्या गाडीत तिथं तपकिरी आडवी रेघ सापडते आणि बोट घासलं की विणीतून बारीक भुकटी निघते. मग पायाखालची मॅट बाजूला करून कार्पेटचा कोपरा उचल. सीटखालचे बोल्ट, रेल आणि फ्यूज बॉक्सचं झाकण टॉर्चनं बघ. गाडीत दोन-तीन सुगंधी डब्या ठेवल्या असतील तर त्या बाहेर काढायला लाव, काचा वर करून दहा मिनिटं थांब आणि मग आत बस. दमटपणा लपत नाही.

दुसरं काम त्याच्याही आधीचं, पोचल्या पोचल्या. बॉनेटवर हात ठेव. गरम असेल तर गाडी तुझ्यासाठी आधीच चालू करून ठेवली आहे. अशा वेळी सरळ सांग, दुपारी परत येते. गार इंजिनच पहिल्या स्टार्टला कसं आहे ते दाखवतं: किल्ली फिरवल्यावर किती वेळ घेतं, खडखडतं का, धूर येतो का. ऑइलचं झाकण उघडून आतली बाजू बघ, दुधाळ साय दिसली तर पाणी ऑइलमध्ये मिसळत असू शकतं. इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. तो लागलाच नाही तर लागून राहिल्यापेक्षा वाईट, कारण कुणीतरी तो मुद्दाम काढलेला असू शकतो.

मग रंग. चुंबक रुमालात गुंडाळून दारांवरून, चाकांच्या कमानींवरून, छतावरून हळू फिरव. मूळ पत्र्यावर तो सगळीकडे सारखा धरतो, लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेल्या जागी सैल पडतो. बंपर प्लास्टिकचे असतात, तिथं बघू नकोस. एखादा दरवाजा रंगवलेला असला म्हणून गाडी वाईट होत नाही, पुण्याच्या पार्किंगमध्ये खरचटतंच. आपल्याला ठोकलेली गाडी नको, म्हणजे जिचा सांगाडा हललाय ती. बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट बघ. कंपनीत रंग बोल्टासकट बसलेला असतो. त्याच्या कडांवरचा रंग उडालेला असेल तर तिथं पाना लागलेला आहे, मग का लागला ते विचार. दाराचं काळं रबर थोडं ओढून खालचे स्पॉट वेल्डचे गोल खळगे बघ. ते एका रांगेत, सारख्या अंतरावर असतात. हातानं केलेलं काम तसं सरळ येत नाही.

टायरच्या बाजूला डीओटी (DOT) या इंग्रजी अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. 2321 म्हणजे 2021 चा तेविसावा आठवडा. गाडी 2021 ची, मीटरवर 42,000 किलोमीटर. चारही टायर नवेकोरे असतील आणि स्टेपनी मूळची असेल तर मीटरवर विश्वास ठेवण्याआधी ब्रेक पेडलचं रबर आणि स्टिअरिंगची कडा बघ. झिजलेलं रबर मागे फिरवता येत नाही. गाडीच्या नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक सर्व्हिसच्या वेळचं रीडिंग मिळतं. मालकालाच फोन लावून ते पाठवायला सांग.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, नवी की जुनी, आणि कोणती. प्रसादराव डिझेल नेक्सॉन म्हणताहेत. गाडी दणकट आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तुमचं रोजचं जाणं-येणं वाकड ते हिंजवडी, एका वेळी सात किलोमीटर, तेही रांगत. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेल गाड्यांमध्ये काजळी धरणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. ती काजळी जळायला गाडी सलग काही वेळ वेगात चालावी लागते. महिन्यातून एकदा कराडला येणं त्याला पुरेल असं मला वाटत नाही. डिझेल नको. पेट्रोल घ्या.

या सगळ्या गाड्या एकसारख्या मागून कापल्यासारख्या का दिसतात, असं तू एकदा विचारलं होतंस. 2006 पासून चार मीटरच्या आतल्या, पेट्रोल 1200 सीसी किंवा डिझेल 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला सरकार कमी कर लावतं. म्हणून ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट साऱ्या 3995 मिलिमीटरच्या आसपास थांबतात. मात्र ब्रेझाचं पेट्रोल इंजिन 1462 सीसीचं, त्यामुळे लांबीनं आत बसूनही तिला सवलत मिळत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांचा जीएसटी 18 टक्के झाला आणि ब्रेझाचा 40. दोन्ही आधीपेक्षा कमीच, पण नेक्सॉन-व्हेन्यूच्या पेट्रोलला फायदा जास्त. हे तुला भाव करताना कामी येईल. नव्या गाडीची किंमत उतरली की जुनीचीही उतरली पाहिजे. तुला सांगितलेला आकडा जुन्या किमतीवर बांधलेला दिसतो. आजच्या नव्या ब्रेझाच्या किमतीपासून खाली मोजत ये.

जुनीच्या बाजूनं एक गोष्ट खरी. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला 11 टक्के रोड टॅक्स एकरकमी जातो. एक्स-शोरूम नऊ लाखांची गाडी म्हणजे 99 हजार नुसते तिथं. जुन्या गाडीचा तो पहिल्या मालकानं भरलेला असतो. शिवाय त्या ब्रेझाचा चार गिअरचा ऑटोमॅटिक जुन्या पद्धतीचा, टॉर्क कन्व्हर्टरचा आहे. ॲव्हरेजला थोडा मार बसतो, पण ट्रॅफिकमध्ये रांगायला तो मला एएमटीपेक्षा, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचा क्लच-गिअर मशीननं बदलणाऱ्या ऑटोमॅटिकपेक्षा, बरा वाटतो. चालवताना कोथरूडकडून चांदणी चौकाच्या चढाला ने, ब्रेक दाबून डी आणि आर असं दोन-चारदा टाकून बघ, धक्का बसतो का ते अंगाला कळेल. खाली 198 मिलिमीटर मोकळी जागा आहे, आपल्या मळ्याच्या रस्त्याला तेवढी पुरे.

पण एका बाबतीत ही गाडी मागं पडते आणि ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. 2021 च्या ब्रेझाला दोनच एअरबॅग आहेत, पुढच्या दोघांसाठी. आपली छोटी ईरा मागं बसते. आज नवी व्हेन्यू किंवा नेक्सॉन घेतलीस तर सगळ्यात खालच्या मॉडेललासुद्धा सहा मिळतात, त्यात काचांवरून पडद्यासारख्या उतरणाऱ्या एअरबॅगही आल्या. जुन्या ब्रेझाला 2018 मध्ये ग्लोबल एनकॅपचे, म्हणजे गाड्या धडकवून सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेचे, चार तारे मिळाले होते आणि त्याच वर्षी नेक्सॉनला पाच. पण ते तारे मुख्यतः समोरच्या धडकेवर बेतलेले होते. जुलै 2022 पासून बाजूची धडक, ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) आणि पादचाऱ्यांची सुरक्षितताही गुणात धरायला लागले. 2024 मध्ये नेक्सॉननं पुन्हा पाच मिळवले, ते या कडक परीक्षेत. म्हणून तारे बघताना शेजारी वर्ष बघ.

माझं मत विचारशील तर सनरूफ, मोठा स्क्रीन, अलॉय व्हील सोडून दे आणि नवी, पेट्रोल, खालचं मॉडेल, सहा एअरबॅगवाली घे. ती बजेटबाहेर जात असेल तर 2023 च्या अखेरची किंवा 2024 ची, एका मालकाची, तशीच सहा एअरबॅगवाली शोध. पांढरी ब्रेझा तिसऱ्या क्रमांकावर, आणि तीही वरचं सगळं पास झालं तर. ऑटोमॅटिकचा हट्ट ईराच्या सुरक्षिततेच्या पुढं ठेवू नकोस, एवढं बापाचं ऐक. आधी एकदा तिची चाइल्ड सीट तिन्ही गाड्यांत बसवून बघ. ती सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हूक कुठल्या गाडीत हाताला लगेच लागतात, ते कागदावर वाचून कळत नाही.

नवी घेतलीस तर रजिस्ट्रेशनच्या आधी गाडी यार्डात जाऊन बघ आणि चेसिस नंबरवरून बनल्याचा महिना विचारून घे. विमा शोरूमचाच घ्यावा लागतो असं सांगतील, तसा नियम नाही.

जुनी घेतलीस तर कागद. एमपरिवहनवर नंबर टाकून मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, चलन किती थकलंय ते बघ. कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35, नाव बदलायला 29 आणि 30. पासिंग एमएच-14 च आहे म्हणालीस, म्हणजे दुसऱ्या आरटीओची भानगड नाही. विमा 14 दिवसांत तुझ्या नावावर व्हायला हवा आणि जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सवलत, तुला मिळत नाही, तो त्याचाच राहतो. आधीच्या पॉलिसीत क्लेम किती झाले हे विमा कंपनीच्या कागदावरून माग, तोंडी नको. दोन्ही किल्ल्या हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नकोस.

सरांचा मुलगा शनिवारी पुण्याला येतोय. त्याच्याजवळ कापडी पिशवी देतोय, त्यात गॅरेजातला लांब टॉर्च, चुंबक आणि गुडघ्याखाली टाकायला जुन्या चादरीचा तुकडा आहे. टॉर्चमध्ये सेल नवे घातलेत. रविवारी सकाळी सातला पोच. बॉनेटला हात लावलास की लगेच मला व्हिडिओ कॉल लाव आणि मग बेल्ट ओढायला घे. आईचे सकाळचे थेंब साडेसहाला होतात, मी फोन घेऊन ओट्यावर बसून राहतो.

ईराला गोड पापा. प्रसादरावांना नमस्कार.

तुझा,
बाबा