खानापूरच्या आप्पांस, मातीच्या रंगांबद्दल

आदरणीय आप्पा यांस,
सादर नमस्कार.

बेळगावातील प्रदर्शनात माझ्या चित्रांसमोर थांबलेले लोक हे रंग कोणत्या कंपनीचे, असे विचारत होते आणि मी प्रत्येकाला, हे खानापूर तालुक्यातल्या मातीचे रंग आहेत, एवढेच सांगत होते. उत्तर खरे होते, पण अर्धे होते. उरलेले अर्धे सांगण्यासाठी हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. तुमचे नाव कुठेही छापू नये असे तुम्ही बजावले असल्याने ते इथेही लिहीत नाही. ज्यांनी तुमच्या आव्यातली, म्हणजे कुंभाराच्या भट्टीतली, मडकी घरात वापरली आहेत, ते ओळखतीलच.

बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीचे चित्र मी दोन वर्षे मनात बाळगून होते. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने इ. स. १२०४ च्या सुमारास बांधवलेल्या या जैन मंदिराच्या मंडपात छतातून खाली झुकलेले ७२ पाकळ्यांचे दगडी कमळ आहे, आणि त्या काळपट, गुळगुळीत दगडावर बाहेरचा उजेड तिरपा पडला की पाकळीची कड तेवढी उजळते. ती कड विकतच्या रंगात नव्हे, इथल्याच मातीत उतरवायची, असा माझा हट्ट होता. (रंग नळीतून पिळायचा असतो, एवढेच शिक्षण घेऊन मी हा हट्ट धरला होता.) ओढ्याकाठची चिकणमाती आणि काजळी डिंकात कालवून मी जाड थर दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाकळ्यांतून भेगा गेल्या होत्या, आणि बोट लावताच खपली हातात आली.

ती खपली कागदात बांधून मी तुमच्याकडे आले. तुम्ही ती बोटांत चुरडलीत, जिभेच्या टोकाला लावलीत आणि म्हणालात, "ही मडक्याची माती, बाई. वाळताना आकसणारच." चाकावर जो चिकटपणा लागतो तोच कागदावर नडतो, हे एका वाक्यात कळले. मग तुम्ही मला जांबोटीच्या बाजूची दरडीतली भुसभुशीत माती आणायला लावलीत. ती बादलीत ढवळायची, जड खडा तळाशी बसू द्यायचा, वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचे, ते जुन्या धोतराच्या कापडातून गाळून रात्रभर निवळू द्यायचे, आणि हे तीनदा करायचे. शेवटी तळाशी राहणारी साय बोटावर घेतली की कण जाणवू नये. मी दुसऱ्याच फेरीला घाई केली, तेव्हा तुम्ही काही न बोलता बादली परत माझ्यापुढे सरकवलीत.

पिवडी, म्हणजे रंगाची पिवळी माती, तव्यावर भाजून दाखवलीत तो दिवस तर मी विसरणार नाही. मंद आचेवर पिवळी पूड आधी नारिंगी, मग विटकरी आणि शेवटी कावेसारखी तांबडी होत गेली. पिवडीतल्या लोहाच्या संयुगातले पाणी उडाले की रंग पालटतो, हे मी नंतर पुस्तकात वाचले. पण तवा नेमका कधी उतरवायचा हे त्यात नव्हते. कमळाच्या दगडासाठी लागणारी काजळीही तुम्हीच आव्यातून खरवडून दिलीत. पातळ थरावर पातळ थर देत ते चित्र पुन्हा केले, आणि त्याच रंगांत भीमगडच्या रानाची तीन चित्रेही केली. एकालाही भेग गेलेली नाही.

पैशांचे पाकीट तुम्ही दोनदा परत केलेत, म्हणून तिसऱ्यांदा तो विषय काढणार नाही. तुमची धोतराची गाळणी मात्र अजून माझ्याकडे आहे. तिच्यावर काजळीचा डाग पडला आहे आणि तो निघत नाही. पुढच्या रविवारी तशीच घेऊन येते.

आपली कृतज्ञ,
खानापूर तालुक्यातील एक चित्रकार